आमचा मुलगा व्हिज्युअल लर्नर आहे

छत्तीसगडमधल्या शाळा १६ जूनच्या सुमारास उघडतात. त्याच्या आगेमागे रायपूरच्या वर्तमानपत्रांतून घडी केलेले रंगीत कागद घरोघर येऊन पडतात. बोटांच्या ठशांवरून मुलाची शिकण्याची पद्धत ओळखून मिळेल. उजवा मेंदू जागा करून मिळेल. पाच वर्षांचं मूल सहा महिन्यांत इंग्रजी बोलू लागेल. हे कागद वाचून पैसे भरणारे आईबाप अडाणी नसतात. बँकेत, सचिवालयात, दवाखान्यात काम करणारी शिकलेली माणसं असतात ती, आणि मुलाचं भलं व्हावं एवढीच त्यांची इच्छा असते. म्हणून या समजुतींकडे हसून पाहता येत नाही. एकेक उलगडून पाहावी लागते.

या सगळ्या समजुती शेजारी शेजारी ठेवल्या की त्यांच्यात एक साम्य दिसतं. प्रत्येक समजूत मुलाकडे बोट दाखवते. मूल अमुक प्रकारचं आहे, अमुक मेंदूचं आहे, अमुक विषयात मुळातच कच्चं आहे. गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांतलं शिकण्याबद्दलचं पक्कं संशोधन मात्र दुसरीकडे पाहायला लावतं : काय शिकवलं, कोणत्या क्रमाने शिकवलं, कोणत्या भाषेत शिकवलं, आणि शिकवून झाल्यावर ते पुन्हा कधी विचारलं.

गैरसमज : कुणी पाहून शिकतं, कुणी ऐकून, कुणी हाताने करून. मुलाचा प्रकार ओळखून तसं शिकवावं

पालकसभेत आज सर्वांत जास्त ऐकू येणारं वाक्य हेच. ‘आमचा मुलगा व्हिज्युअल लर्नर आहे, त्याला ऐकून काही कळत नाही.’ नवशिक्या शिक्षकांनाही हे प्रशिक्षणात सांगितलं जातं. आपणच तेवढे फसलो असं वाटून घेऊ नये. २०१२ साली ब्रिटन आणि नेदरलँड्समधल्या शिक्षकांची पाहणी झाली, तेव्हा तिथल्या अनुक्रमे ९३ आणि ९६ टक्के शिक्षकांना हे खरं वाटत होतं.

हे खरं आहे का, हे तपासायची रीत सरळ आहे. मुलांचे ‘पाहणारे’ आणि ‘ऐकणारे’ असे गट करायचे. प्रत्येक गटातल्या निम्म्या मुलांना चिठ्ठ्या टाकून चित्रांतून शिकवायचं, निम्म्यांना बोलून. शेवटी सर्वांना एकच परीक्षा द्यायची. पाहणारी मुलं चित्रांतून आणि ऐकणारी मुलं बोलण्यातून जास्त शिकली, तरच ही कल्पना टिकते. मानसशास्त्रज्ञ हॅरॉल्ड पॅश्लर आणि तीन सहकाऱ्यांनी २००८ साली या विषयावरचं संशोधन चाळून काढलं. एवढी साधी अट पाळणारे अभ्यास त्यांना अगदी मोजके सापडले, आणि त्यांतल्या अनेकांचा निकाल या कल्पनेच्या विरुद्ध होता. त्याआधी, २००४ साली, ब्रिटनमधल्या फ्रँक कॉफिल्ड यांच्या गटाने शिकण्याच्या प्रकारांच्या वर्गवाऱ्या मोजल्या, तर त्या ७१ निघाल्या. एकाच मुलाला एकाहत्तर निरनिराळी नावं देता येत असतील, तर त्यातलं कुठलं नाव हातात धरून शिक्षकाने वर्गात जावं?

मुलांना आवडीनिवडी असतात, हे खरं. पण कशातून शिकवावं हे मुलाच्या आवडीवर ठरत नाही, ते विषयावर ठरतं. महानदी सिहाव्याच्या डोंगरात उगम पावते, राजीमला पैरी आणि सोंढूर तिला मिळतात, पुढे ती ओडिशात हिराकूडच्या धरणात शिरते. हे शिकवायला नकाशा लागतो, आणि तो वर्गातल्या सगळ्या मुलांना लागतो. ‘च’चे दोन उच्चार शिकवायचे तर ते ऐकवावेच लागतात, मग मूल कितीही ‘पाहणारं’ असो. चित्र आणि त्याबरोबर मोजके शब्द अशी जोडी दिली तर बहुतेक सगळ्यांनाच अधिक समजतं, हेही रिचर्ड मेयर यांच्या प्रयोगांतून वारंवार दिसलेलं आहे.

बोटांच्या ठशांची चाचणी हा या समजुतीवर चढवलेला पुढचा मजला. दहाही बोटांचे ठसे घ्यायचे, संगणकात घालायचे आणि मेंदूच्या कुठल्या भागात किती टक्के बुद्धी आहे याचा रंगीत अहवाल छापून द्यायचा. ठशांच्या रेषा गर्भातच, जन्माच्या कितीतरी महिने आधी कायम होतात. त्यांवरून मूल कसं शिकेल हे कळतं, असं दाखवणारा विश्वासार्ह पुरावा नाही. या अहवालांत हॉवर्ड गार्डनर यांच्या बहुविध बुद्धिमत्तेच्या सिद्धान्ताचा आधार घेतलेला असतो. तो सिद्धान्त १९८३ चा. आणि बहुविध बुद्धिमत्ता म्हणजे शिकण्याचे प्रकार नव्हेत, असं खुद्द गार्डनर यांनी २०१३ साली जाहीरपणे लिहिलं.

पैसे गेले याचं दुःख मला कमी वाटतं. नऊ वर्षांच्या मुलाच्या हातात कागद येतो की तू हालचालीतून शिकणारा आहेस, वाचन तुझं बलस्थान नाही. ज्या वयात वाचनाची बैठक पक्की व्हायची, त्याच वयात त्याला वाचनातून सुटायला एक छापील कारण मिळतं.

गैरसमज : वाचलेलं १० टक्के लक्षात राहतं, ऐकलेलं २० टक्के, स्वतः केलेलं ९० टक्के

शिक्षक प्रशिक्षणाच्या सभागृहांत हा त्रिकोण भिंतीवर टांगलेला आढळतो. एडगर डेल यांनी १९४६ साली दृक्‌श्राव्य साधनांवरच्या पुस्तकात अनुभवांचा एक शंकू काढला होता, ठोस अनुभवापासून अमूर्त चिन्हांपर्यंतचा. त्यात एकही टक्केवारी नव्हती. आकडे मागाहून कुणीतरी चिकटवले. खऱ्या प्रयोगातून असे शून्याने संपणारे गोल आकडे ओळीने कधी निघत नाहीत. शिवाय कुणी वाचलं, काय वाचलं, किती दिवसांनी विचारलं, हे न सांगता ‘वाचलेलं १० टक्के’ या विधानाला अर्थच उरत नाही.

गैरसमज : मेंदूचा झोपलेला भाग जागा करता येतो

‘मिडब्रेन अ‍ॅक्टिव्हेशन’ची जाहिरात दोन दिवसांच्या शिबिरात मुलाला डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला शिकवायचं वचन देते. मध्यमेंदू हा मेंदूच्या खोडाचा छोटा भाग. डोळ्यांच्या हालचाली, आवाजाकडे मान वळवणं अशी कामं तो जन्मापासून करतच असतो. तो बंद असता तर मूल शिबिरापर्यंत चालत आलंच नसतं.

पट्टी बांधून मूल वाचतं कसं, हे एकदा जवळून पाहावं. नाकाच्या दोन्ही बाजूंना पट्टी आणि गाल यांच्यात फट राहते. मूल मान किंचित वर करतं, कागद छातीपाशी धरतं आणि त्या फटीतून खाली पाहतं. तोच कागद कपाळासमोर धरा, किंवा नाकाजवळची फट कापसाने नीट बुजवा, वाचन थांबतं. मंगळूरचे नरेंद्र नायक आणि देशभरातले अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते अनेक वर्षं हे लोकांसमोर करून दाखवत आले आहेत. यात मला सर्वांत वाईट वाटतं ते मुलाचं. फटीतून दिसतंय हे त्याला माहीत असतं. आईबाप टाळ्या वाजवत असतात आणि मूल आयुष्यात पहिल्यांदा इतक्या लोकांसमोर खोटं बोलत असतं.

डाव्या-उजव्या मेंदूची गोष्ट थोडी वेगळी, कारण तिच्या मुळाशी खरं विज्ञान आहे. तीव्र अपस्मारावर उपाय म्हणून ज्या रुग्णांच्या मेंदूच्या दोन अर्धगोलांना जोडणारा पूल कापला होता, त्यांच्यावर रॉजर स्पेरी यांनी प्रयोग केले. १९८१ चं नोबेल त्यांना त्यासाठी मिळालं. बहुतेक माणसांत भाषेचं बरंचसं काम डाव्या बाजूला चालतं, हेही खरं. पण यावरून माणसं ‘डाव्या मेंदूची’ आणि ‘उजव्या मेंदूची’ ठरत नाहीत. २०१३ साली युटा विद्यापीठातल्या संशोधकांनी हजारावर माणसांच्या मेंदूंच्या प्रतिमा तपासल्या. एकाच बाजूवर जास्त भिस्त ठेवणारी माणसं त्यांना दिसली नाहीत. आपला पूल शाबूत आहे, आणि गणित सोडवताना दोन्ही बाजू कामाला लागतात.

गैरसमज : धडा चार वेळा वाचला की पक्का होतो. परीक्षा फक्त मोजण्यासाठी असते

इथे जरा थांबावंसं वाटतं. वरच्या समजुती बाजारातून आल्या. ही आपल्या घरातली आहे, आणि शिक्षकाला उद्यापासून बदलता येईल अशीही हीच आहे.

सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना छोटे उतारे दिले, एक सूर्यावर, एक सागरी पाणमांजरावर. एका गटाने चारही बैठकांत उतारा पुन्हा पुन्हा वाचला, सरासरी चौदा वेळा. दुसऱ्या गटाने पहिल्या बैठकीत वाचला, सरासरी साडेतीन वेळा, आणि उरलेल्या तीन बैठकांत उतारा बाजूला ठेवून आठवेल ते कोऱ्या कागदावर लिहिलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणाऱ्यांना ८३ टक्के आठवत होतं, लिहिणाऱ्यांना ७१. आठवड्याने घेतली तेव्हा वाचणारे ४० टक्क्यांवर आले होते आणि लिहिणारे ६१ वर होते. आठवड्यानंतर आपल्याला किती आठवेल असा अंदाज आधी विचारला होता, त्यात मात्र सर्वांत जास्त भरवसा चौदा वेळा वाचणाऱ्यांनाच होता.

वाचताना ओळ ओळखीची होते. ओळख पटली की येतं असं वाटतं. आठवायला बसलं की अडतं, आणि ते अडणं मुलाला, आईला, शिक्षकालाही अपयशासारखं वाटतं. प्रत्यक्षात ते अडून आठवणंच स्मृती घट्ट करतं.

वर्गात हे कसं दिसेल? वीर नारायण सिंहांचा धडा घेऊ. १८५६ चा दुष्काळ, सोनाखानचा जमीनदार, माखन नावाच्या व्यापाऱ्याचं धान्याचं कोठार फोडून गावाला वाटलेलं धान्य, अटक, आणि १० डिसेंबर १८५७ ला रायपुरात दिलेली फाशी. ज्या जयस्तंभ चौकातून मुलं रोज शाळेला येतात, त्याच्याशी ही आठवण जोडलेली आहे. धडा शिकवून झाला. पुस्तकं मिटा. वहीच्या मागच्या पानावर तीन प्रश्नांची उत्तरं लिहा : कोठार कुणाचं होतं, ते का फोडलं, आणि कंपनी सरकारला तो गुन्हा का वाटला. चार मिनिटं. मग पुस्तक उघडून आपलं आपण दुरुस्त करा. गुण नाहीत, सही नाही, घरी निरोप नाही. तीन दिवसांनी दुसरा धडा सुरू करण्याआधी यातलेच दोन प्रश्न पुन्हा. पंधरा दिवसांनी एक. पहिल्या खेपेला मागच्या बाकांवरची पानं कोरी राहतील. कोरं राहिलं तर पुस्तक उघडून लगेच पाहायचं, हे महत्त्वाचं. उत्तर न कळताच प्रश्नांचा भडिमार झाला तर मूल काही शिकत नाही, फक्त घाबरतं.

हीच उजळणी एका रात्रीत न उरकता दिवस टाकून केली तर जास्त टिकते, हे हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ साली स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं होतं. जॉन डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली अभ्यासाच्या दहा पद्धती तोलून पाहिल्या. आठवून पाहणं आणि अंतर ठेवून उजळणी या दोनच पद्धतींना त्यांनी वरचं स्थान दिलं. ओळींखाली रंग फासणं आणि पुन्हा वाचणं तळाला गेलं. आपल्या मुलांची पुस्तकं उघडून पाहिली तर पिवळ्या-गुलाबी रंगांनी भरलेली पानंच दिसतात.

गणितात याचं एक वेगळं रूप आहे. स्वाध्यायात एकाच सूत्राची वीस गणितं ओळीने दिलेली असतात. मूल पहिली दोन समजून सोडवतं, उरलेली अठरा हाताच्या सवयीने. डग रोरर आणि केली टेलर यांनी २००७ साली विद्यार्थ्यांना चार अनोळखी घनाकृतींचं घनफळ काढायला शिकवलं. एका गटाला एकेका आकृतीची गणितं सलग दिली, दुसऱ्याला चारही आकृतींची मिसळून. सरावाच्या वेळी सलग गटाची ८९ टक्के उत्तरं बरोबर आली, मिसळलेल्या गटाची ६०. आठवड्याने परीक्षा झाली, तेव्हा सलग गट २० टक्क्यांवर होता आणि मिसळलेला ६३ वर. कारण परीक्षेत कुठलं सूत्र लावायचं हे प्रकरणाचं नाव सांगत नाही, ते स्वतः ओळखावं लागतं, आणि ते ओळखण्याचा सराव फक्त दुसऱ्या गटाला झालेला असतो. भिलाई-रायपूरच्या शिकवणीवर्गांत मिश्र प्रश्नपत्रिका असतात, पण अकरावी-बारावीला. सहावीतल्या मुलालाही आठवड्यातून एकदा मागच्या तीन प्रकरणांची गणितं मिसळून द्यायला काहीच खर्च येत नाही.

गैरसमज : अबॅकसने किंवा बुद्धिबळाने डोकं तल्लख होतं आणि मग सगळेच विषय सुधारतात

अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात १९७० च्या दशकाच्या अखेरीस एका विद्यार्थ्याने सुमारे २३० तास सराव करून ऐकलेले अंक क्रमाने सांगण्याची क्षमता ७ वरून ७९ वर नेली. तो धावपटू होता. अंकांचे गट करून तो ते धावण्याच्या वेळांच्या रूपात लक्षात ठेवायचा. मग त्याला अंकांऐवजी अक्षरं दिली, तर गाडी पुन्हा सहावर आली. बुद्धिबळातही तसंच. खऱ्या डावातल्या सोंगट्या उस्ताद एका नजरेत लक्षात ठेवतो, पण त्याच सोंगट्या पटावर कशाही विस्कटून मांडल्या की त्याची आघाडी जवळजवळ पुसली जाते, हे मानसशास्त्रज्ञ चेस आणि सायमन यांनी १९७३ साली दाखवलं. स्मरणशक्ती नावाचा एकच एक स्नायू नसतो. ज्याचा सराव करावा ते वाढतं, आणि शेजारच्या विषयात आपोआप फारसं झिरपत नाही. मूल अबॅकसच्या वर्गाला आनंदाने जात असेल तर जाऊ द्यावं. अपूर्णांक मात्र अपूर्णांकांच्याच सरावाने सुधारतील.

इथेच पाठांतराबद्दलही बोलायला हवं, कारण काही नव्या शाळा पाढ्यांना घोकंपट्टी म्हणून हद्दपार करतात. आपल्या मनात एका वेळी चार-पाच गोष्टीच धरून ठेवता येतात. भागाकार करताना १७ सक किती हे ज्याला बोटांवर मोजावं लागतं, त्याच्या मनात भागाकाराच्या पायरीसाठी जागाच उरत नाही. पाढे पाठ असलेलं मूल विचार करायला मोकळं असतं. उत्तर समजून घेणं आणि उत्तर तोंडात असणं यांत भांडण लावायचं कारण नाही.

गैरसमज : याला गणित जमत नाही

रायपूरच्या शास्त्री बाजारात आईच्या भाजीच्या पाटीवर बसलेली मुलगी पाहा. टोमॅटो ४० रुपये किलो. गिऱ्हाईक म्हणतं सातशे ग्रॅम दे, आणि पाव किलो मिरची, ८० रुपये किलोची. ती तराजूवरची नजर न काढता ४८ सांगते आणि शंभराच्या नोटेतले ५२ परत करते. हीच मुलगी वर्गात ०.७ × ४० समोर आलं की फळ्याकडे पाहत राहू शकते. ब्राझीलच्या रेसिफे शहरात १९८० च्या दशकात तेरेझिन्हा नुनेस आणि सहकाऱ्यांनी रस्त्यावर माल विकणाऱ्या मुलांना दोन्हीकडे तपासलं. व्यवहारात ९८ टक्के उत्तरं बरोबर होती. तशीच गणितं कागदावर नुसत्या आकड्यांत मांडली तेव्हा ३७ टक्के. २०२५ साली ‘नेचर’मध्ये अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या सुमारे चौदाशे मुलांत त्यांना हेच दिसलं. आणि उलटही दिसलं : शाळेतल्या गणितात बरी असलेली मुलं बाजारातला हिशेब मांडताना अडखळली.

मुलीला गणित येतं. तिच्या गणिताला शाळेच्या चिन्हांपर्यंत आणणारा पूल कुणी बांधला नाही. ‘सातशे ग्रॅम म्हणजे एका किलोतला किती भाग?’ या एका प्रश्नापासून तो बांधायला घेता येतो, आणि त्याचा फायदा पाटीवर कधीच न बसलेल्या तिच्या वर्गमित्रांनाही होतो.

गैरसमज : घरात मराठी, गल्लीत छत्तीसगडी, शाळेत हिंदी-इंग्रजी, यात मूल गोंधळतं. इंग्रजी जितक्या लवकर तितकी बरी

रायपुरातल्या मराठी घरांचा हा जिव्हाळ्याचा विषय. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून इथे मराठी माणसं आहेत. तात्यापारा, बुढापारा या वस्त्यांत त्यांची जुनी घरं आहेत, आणि महाराष्ट्र मंडळ १९३५ पासून उभं आहे. तरीही तरुण आईबापांना कुणी ना कुणी सांगतं की मूल बोलायला उशीर करतंय, तर घरी मराठी बंद करा, एकच भाषा ठेवा.

या भीतीला इतिहास आहे. १९२३ साली वेल्समधल्या एका पाहणीने दोन भाषा बोलणाऱ्या मुलांची बुद्धी कमी असल्याचं सांगितलं. १९६२ साली माँट्रियलमध्ये एलिझाबेथ पील आणि वॉलेस लँबर्ट यांनी आर्थिक-सामाजिक परिस्थिती सारखी असलेली दहा वर्षांची मुलं निवडून तुलना केली, तेव्हा तो ठपका टिकला नाही. द्विभाषिक मुलं उलट पुढेच होती. दोन भाषांमुळे मूल जास्त हुशार होतं असं छातीठोकपणे सांगणारेही आज आहेत. त्यावर अजून वाद चालू आहे, म्हणून तसं वचन कुणाला देऊ नये. एवढं मात्र पक्कं की गोंधळ होत नाही. अशा मुलाचा एकेका भाषेतला शब्दसाठा सुरुवातीला थोडा कमी असतो, दोन्हींचा मिळून कमी नसतो. वाक्यात भाषा मिसळणं हेही आजाराचं लक्षण नव्हे. आजीशी मराठीत बोलणारं तीन वर्षांचं मूल दुधवाल्याला पाहताच छत्तीसगडीत वळतं, तेव्हा कुणाशी काय बोलायचं हे त्याला नेमकं ठाऊक असतं. उशीर खरोखर जास्त असेल तर कानांची तपासणी करावी आणि वाचातज्ज्ञांना दाखवावं. भाषा तोडून तो भरून निघत नाही.

माधवराव सप्रे याच मातीत वाढले. घरची भाषा मराठी. १९०० साली पेंड्राहून त्यांनी ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढलं. त्यात १९०१ साली आलेल्या त्यांच्या कथेला अनेक अभ्यासक हिंदीतली पहिली लघुकथा मानतात. दासबोध आणि टिळकांचं गीतारहस्य त्यांनी हिंदीत नेलं. पहिली भाषा पक्की होती म्हणून दुसरीत ते एवढं मोठं काम करू शकले, असं मला मनापासून वाटतं.

दुसरी बाजू याहून गंभीर आहे. छत्तीसगडातली कितीतरी मुलं घरी छत्तीसगडी, गोंडी, हल्बी, कुडुख किंवा सरगुजिया बोलतात आणि पहिलीत त्यांच्यासमोर प्रमाण हिंदी येते. हल्बी मराठीला इतकी जवळची की भाषातज्ज्ञ ग्रियर्सन यांनी भारतीय भाषांच्या सर्वेक्षणात ती मराठीच्या खंडात घातली होती. आपल्यापैकी कुणी बस्तरच्या बाजारात उभं राहिलं तर अर्धीअधिक कळेल. त्या हल्बी मुलाला वाचायला शिकायचं म्हणजे अक्षरांच्या आवाजातून ओळखीचा शब्द शोधून काढायचा. शब्दच ओळखीचा नसेल तर आवाज जुळवूनही हाती अर्थ लागत नाही. मूल मोठ्याने, सुरात, चूक न करता वाचतं आणि त्यातलं काहीच समजत नाही. शिक्षक त्याला मंद म्हणतो. राज्याच्या शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेने (एससीईआरटी) या भाषांत प्राथमिक वर्गांसाठी द्विभाषिक साहित्य तयार केलं, आणि २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरची भाषा माध्यम असावी असं म्हटलं. त्याच २०२० साली स्वामी आत्मानंद यांच्या नावाने सरकारी इंग्रजी शाळाही सुरू झाल्या, आणि त्यांच्या प्रवेशासाठी रांगा लागल्या. इंग्रजी हवी ही आईबापांची मागणी रास्त आहे. इंग्रजी नाही म्हणून नोकरीच्या दारातून परत आलेल्या पिढीचे ते आईबाप आहेत.

पण इंग्रजी भाषा शिकणं वेगळं आणि न येणाऱ्या इंग्रजीतून विज्ञान शिकणं वेगळं. जिम कमिन्स यांनी कॅनडातल्या स्थलांतरित मुलांच्या अभ्यासातून दाखवलं की गप्पांपुरती भाषा साधारण दोन वर्षांत येते, पण शाळेचे विषय त्या भाषेत पेलायला पाच ते सात वर्षं लागतात. मूल ‘मे आय कम इन’ म्हणू लागतं, पाहुण्यांसमोर कविता म्हणतं, आणि आपण समजतो की भाषा आली. चौथीत ‘प्रकाशसंश्लेषण’ इंग्रजीत समोर येतं तेव्हा ते गप्प होतं. लहानपणी सुरुवात केल्याने उच्चार चांगले होतात हे खरं, पण तेही सभोवती दिवसभर ती भाषा असेल तर. आठवड्यातून काही तासच भाषा कानावर पडत असेल तर मोठी मुलं लहानांपेक्षा वेगाने शिकतात, असं बार्सिलोनातल्या दीर्घ अभ्यासात कार्मेन मुन्योस यांना आढळलं. तात्पर्य, पहिलीपासून रोज अर्धा तास गाणी, गोष्टी, खेळ यांतून आनंदाची इंग्रजी, आणि बाकीचे विषय कळणाऱ्या भाषेत, हा मार्ग मुलाला इंग्रजीपर्यंतच नेतो.

गैरसमज : मागे पडलेल्या मुलांसाठी थांबलो तर अभ्यासक्रम पुरा होणार नाही

१९९५ साली मुंबईत माधव चव्हाण आणि फरीदा लांबे यांनी ‘प्रथम’ ही शिक्षणसंस्था सुरू केली. मुंबई आणि बडोद्याच्या पालिका शाळांत त्यांचा ‘बालसखी’ कार्यक्रम चालला, त्याची काटेकोर चाचणी २००१ पासून बॅनर्जी, डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी केली. तिसरी-चौथीतली मागे पडलेली पंधरा-वीस मुलं रोज दोन तास वर्गातून वेगळी काढायची आणि त्यांना जिथपर्यंत येतं तिथून पुढे शिकवायचं. शिकवणारी त्याच वस्तीतली, माध्यमिक शिक्षण झालेली तरुण मुलगी. दोन आठवड्यांचं प्रशिक्षण, महिना ५०० ते ७५० रुपये. दोन्ही शहरांत मुलांचे गुण वाढले, आणि सर्वांत जास्त वाढ सर्वांत मागे असलेल्या मुलांची झाली. मुलं तीच होती, त्यांच्या बोटांचे ठसेही तेच होते.

त्यासाठी मूल कुठे आहे हे आधी कळावं लागतं, आणि त्याची रीत मुलांचं वाचन-गणित तपासणाऱ्या ‘असर’च्या पाहणीतून देशभर सर्वांना माहीत झाली आहे. एका कागदावर अक्षरं, साधे शब्द, पहिलीचा परिच्छेद आणि दुसरीची छोटी गोष्ट. मुलाला शेजारी बसवायचं आणि परिच्छेद वाचायला द्यायचा. जमला तर गोष्ट, अडलं तर शब्द, तिथेही अडलं तर अक्षरं. एका मुलाला काही मिनिटं पुरतात. चाळीस मुलांचा वर्ग असेल तर शाळा उघडल्यापासून आठवड्याभरात शिक्षिकेच्या वहीत प्रत्येक नावापुढे एक नेमकी नोंद असेल, आणि पहिला धडा कुणाला कुठून सुरू करायचा हे तिला त्या नोंदीवरून ठरवता येईल.